मीठ, पाणी आणि डायलिसिसचे चार तास

देवापुढे उदबत्ती लावली की वास घरभर पसरतो. शाळेत आपल्याला याचं कारण 'विसरण', म्हणजे डिफ्युजन, असं शिकवलं होतं. खरं सांगायचं तर तो वास बहुतेक हवेच्या झुळकांवर येतो. नुसत्या विसरणावर सोडला असता तर खोलीच्या दुसऱ्या टोकाला पोचायला त्याला कित्येक तास लागले असते!

या संथ विसरणाकडे माझं लक्ष गेलं ते पुण्याच्या मावशीमुळे. ती आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते. एकदा फोनवर म्हणाली, "अरे, तू एवढा कॉम्प्युटर इंजिनिअर, हे चार तासांचं काम एका तासात नाही का रे उरकता येत?" आमच्या धंद्यात काम हळू चाललं की वेगवान प्रोसेसर बसवतात. इथे तसं का चालत नाही हे शोधताना मी थेट पावणेदोनशे वर्षं मागे गेलो.

टॉमस ग्रॅहम हा १८०५ साली ग्लासगोत जन्मलेला रसायनशास्त्रज्ञ. मुलाने धर्मोपदेशक व्हावं ही वडिलांची इच्छा. त्यावरून बापलेकात चांगलंच बिनसलं. पुढे तो लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक झाला. १८५० च्या सुमाराला त्याने केलेले प्रयोग अगदी साधे होते. छोट्या बरणीत मिठाचं पाणी भरायचं, ती स्वच्छ पाण्याच्या मोठ्या भांड्यात ठेवायची, धक्का लागू द्यायचा नाही, आणि काही दिवसांनी किती मीठ बाहेर आलं ते मोजायचं. मीठ-साखर लवकर बाहेर येत. गोंद, अंड्याचा पांढरा बलक मात्र फार रेंगाळत. १८६१ साली त्याने मध्ये पार्चमेंट कागदाचा पडदा लावून हे दोन गट वेगळे केले आणि या क्रियेला नाव दिलं 'डायलिसिस'! याच पद्धतीने त्याने लघवीतला युरियाही वेगळा काढून दाखवला. माणसाच्या रक्तावर हे करायला मात्र आणखी कित्येक दशकं जायची होती.

ग्रॅहमकडे आकडे होते, पण त्यामागचा नियम हाती लागला नव्हता. तो १८५५ साली मांडला झुरिचमधल्या अडॉल्फ फिकने. हा पंचविशीतला जर्मन तरुण शरीरशास्त्राचा अभ्यासक, पण मूळ ओढा गणिताकडे. फूरियेने उष्णतेच्या वहनाचं गणित १८२२ मध्ये मांडलं होतं, ओहमने विजेचं १८२७ मध्ये. फिक म्हणाला, मीठही तसंच वाहत असणार. दोन ठिकाणच्या प्रमाणात फरक जितका जास्त आणि मधलं अंतर जितकं कमी, तितका प्रवाह मोठा. दुसऱ्याचा कोड उचलून आपल्या कामाला लावायची आमची सवय काही नवी नाही म्हणायची!

या नियमातून एक विलक्षण गोष्ट निघते: अंतर दहापट झालं की वेळ शंभरपट होतो. कारण रेणू सरळ चालत नाही. धक्के खात, दिशाहीन भटकतो. (हे आइनस्टाइनने १९०५ साली गणिताने दाखवलं.) पाण्यातल्या छोट्या रेणूला एका पेशीइतकं, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, अंतर कापायला सेकंदाचा विसावा हिस्सा पुरतो. एक सेंटिमीटरला सुमारे चौदा तास लागतात, आणि दहा सेंटिमीटरला जवळजवळ दोन महिने! म्हणूनच आपल्या शरीरात लांबचा प्रवास हृदयाच्या पंपावर होतो आणि फक्त शेवटचा केसभर टप्पा विसरणावर सोडलेला असतो.

म्हणजे कृत्रिम मूत्रपिंड करायचं तर पडदा पातळ हवा आणि क्षेत्रफळ भरपूर हवं. १९३८ साली हॉलंडमधल्या ग्रोनिंगेनच्या रुग्णालयात विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरसमोर बावीस वर्षांचा एक मुलगा मूत्रपिंडं निकामी होऊन गेला. त्याच्या आईला ते सांगायची वेळ कोल्फवर आली. रोज थोडासाच युरिया काढता आला असता तर तो मुलगा जगला असता, हा विचार त्याला सोडेना. सॉसेज भरायची सेलोफेनची नळी त्याने घेतली, तीत युरिया घातलेलं रक्त भरून मिठाच्या पाण्यात हलवलं, आणि थोड्याच मिनिटांत बहुतेक युरिया बाहेर!

पुढे नाझींच्या ताब्यातल्या कांपेन गावात त्याने लाकडी पट्ट्यांच्या ड्रमवर ही नळी गुंडाळली, ड्रम अर्धा मिठाच्या पाण्यात बुडवून फिरता ठेवला आणि १९४३ साली पहिल्या रुग्णावर उपचार केले. पहिल्या पंधरा-सोळा जणांपैकी जवळजवळ कुणीच वाचलं नाही. पण सप्टेंबर १९४५ मध्ये बेशुद्धीत गेलेली ६७ वर्षांची एक बाई या यंत्रावर शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षं जगली.

आजच्या डायलायझरमध्ये हजारो पोकळ धागे असतात, प्रत्येकाचं भोक जेमतेम ०.२ मिलिमीटर. पडद्याचं एकूण क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर! रक्त एका दिशेने जातं आणि द्रव उलट दिशेने, म्हणजे फिकचा तो 'फरक' शेवटपर्यंत टिकतो. मग चार तास कशाला? कारण मोठ्या माणसाच्या अंगात साधारण चाळीस लिटर पाणी असतं आणि रक्त जेमतेम पाच लिटर. बाकीचा युरिया पेशींमध्ये बसलेला. तो रक्तात उतरायला वेळ घेतो. घाईने नुसतं रक्त धुतलं तर मेंदूच्या पेशी मागे राहतात, पाणी ओढून घेतात आणि रुग्णाला डोकेदुखी, उलट्या, कधी त्याहून गंभीर त्रास होतो. साठलेलं पाणी भराभर काढलं तर ब्लडप्रेशर कोसळतं. म्हणजे अडसर यंत्राचा नाही, शरीराचा आहे.

आज जगभर लाखो माणसं या यंत्राच्या आधाराने जगतात. पंप रक्त फिरवतो, कॉम्प्युटर लक्ष ठेवतो, नर्स तपासून जाते. पण युरियाचा बहुतेक रेणू पडद्यापलीकडे जातो तो आपल्या आपणच, भटकत भटकत, ग्रॅहमच्या बरणीतल्या मिठासारखा.