‘कोलेस्टेरॉल’ : एका उसन्या शब्दाचे कूळ

रक्ततपासणीचा अहवाल बेळगावात घ्या, इंदुरात घ्या की बडोद्यात, ‘कोलेस्टेरॉल’ हा शब्द त्यात भेटतोच. परभाषेतील शब्दांना नाक मुरडणारे आपले सीमाबांधवही तो सर्रास वापरतात. तेव्हा त्याचे कूळ एकदा तपासलेले बरे.

हा पदार्थ प्रथम हाती लागला तो रक्तात नव्हे, तर पित्ताशयातील खड्यांत. अठराव्या शतकात पुलतिए द ला साल या फ्रेंच संशोधकाने तो वेगळा केला. पुढे १८१५-१६ च्या सुमारास मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने, इतर चरबीप्रमाणे याचा साबण होत नाही, म्हणून हा पदार्थ निराळा ठरवला. ग्रीक ‘खोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टेरेओस’ म्हणजे घन. यांवरून त्याने ‘कोलेस्टेरीन’ हे नाव दिले. १८५९ मध्ये बर्थेलो याने हा पदार्थ अल्कोहोलच्या वर्गातला असल्याचे दाखवले, आणि पुढे नावाच्या शेवटी ‘ऑल’ आले. (‘अल्कोहोल’ मुळात अरबी ‘अल-कुह्ल’, म्हणजे चक्क डोळ्यांत घालायचा सुरमा!) जर्मन व रशियन भाषांनी जुने ‘कोलेस्टेरीन’ सोडलेले नाही.

चिनी भाषेने निराळी वाट धरली. तिने नावाची फोड करून ‘दान-गू-छुन’, म्हणजे पित्त, घन आणि अल्कोहोल, अशी तीन अक्षरे जुळवली. आपणही ‘पित्तघन’ करू शकलो असतो. पण मराठी माणसाला ‘पित्त’ म्हटले की आंबट ढेकर आणि अंगावर उठणाऱ्या गांधी आठवतात. त्या शब्दाने रुग्णाची दिशाभूलच होईल. शिवाय हा पदार्थ शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात असतो. पित्ताचे नाव त्याला चिकटले ते केवळ प्रथम तेथे सापडला म्हणून.

आणि ‘खोले’ तरी अगदी परका कोठे आहे? भाषाशास्त्रज्ञ त्याचा संबंध पिवळा-हिरवा रंग दर्शविणाऱ्या ज्या प्राचीन धातूशी लावतात, त्याच धातूशी संस्कृत ‘हरि’, ‘हरित’ हे शब्दही जोडतात. ‘हरिद्रा’, म्हणजे आपली हळद, त्याच घरची. ग्रीकांत ‘खोलोस’ म्हणजे राग. आपलेही पित्त खवळतेच.

आग्रह धरायचाच तर लेखनाचा धरावा. ‘कोलेस्ट्रॉल’ लिहिताना घनतेचा ‘स्टेर’ चिरडला जातो; ‘स्टेरॉइड’ लिहिताना मात्र आपण तो नीट लिहितो.