दोनशे छप्पन्न रंगांतले तळे

मित्रहो, आपण सहावीत होतो तेव्हा, ऑगस्ट १९८२ मध्ये, उस्मानाबादमधून लातूर जिल्हा वेगळा झाला. भूगोलाच्या सरांनी लगेच सगळ्या वर्गाकडून नवा नकाशा काढून घेतला. माझ्याकडे बारा रंगांची पेटी होती. काळ्या रानाला आणि पाण्याला मी एकच गडद निळा फासला. चित्रकलेच्या सरांनी वही पाहिली आणि विचारले, "यात तळं कुठं सरतंय रे?" मला सांगता आले नाही.

तोच प्रश्न पुन्हा समोर आला डिसेंबर १९९९ मध्ये, पुण्यात. उपग्रहाच्या चित्रांवर माउसने तळ्यांच्या कडा आखायच्या आणि त्यावरून पाण्याचे क्षेत्र काढायचे, हे माझे काम. चित्रे २८ डिसेंबर १९९५ रोजी सोडलेल्या आयआरएस-१सी या आपल्या उपग्रहाची. त्यांत डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश लाल रंगात दाखवतात. म्हणून उभी ज्वारी, हरभरा लाल दिसतो, पाणी काळे-निळे आणि ओली काळी जमीन जवळपास तशीच.

एके दिवशी आपला अहमदपूर तालुका पडद्यावर आला. मन्याडचे खोरे ओळखून ऊर भरून आला. एक तळे काठोकाठ दिसले, तशी रेघ मारली. रात्री एसटीडीवरून दादाला कौतुकाने सांगितले. तो म्हणाला, "कशाचं भरलंय! निम्मं बी पाणी नाही." चित्र तर त्याच महिन्यातले होते.

सकाळी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने पडद्याकडे पाहूनच दुखणे ओळखले. यंत्र सन कंपनीचे अल्ट्रा-५, १९९८ मध्ये बाजारात आलेले. पडदा आठ बिटांवर ठेवलेला. आठ बिट म्हणजे एका वेळी फक्त २५६ रंग. ही जुनी काटकसर होती. १९८४ मध्ये एमआयटीत एक्स विंडो प्रणाली सुरू झाली, त्या काळी स्मृती महाग होती; पडद्याच्या प्रत्येक ठिपक्याला एक बाइट मिळाला तरी पुष्कळ वाटे. चित्रातल्या हजारो छटा त्या २५६ खणांत कोंबताना पाणी आणि ओले रान एकाच खणात पडले होते. फाइलमध्ये फरक शाबूत होता. तो पडद्यापर्यंत पोचत नव्हता.

त्याने रूटचा पासवर्ड घातला आणि टाइप केले: एम६४कॉन्फिग -डेप्थ २४ -रेस ११५२×९००×६६. चोवीस बिट म्हणजे १,६७,७७,२१६ रंग. पण मग प्रत्येक ठिपका चार बाइट खातो. आमच्या कार्डात चार एमबी, म्हणजे ४१,९४,३०४ बाइट. आधीच्या १२८०×१०२४ पडद्याला ५२,४२,८८० लागले असते. ११५२×९०० ला ४१,४७,२०० पुरतात. थोडक्यात मावले! रंग हवे तर पडद्यावरचे ठिपके कमी करायचे, असा तो सौदा.

लॉगआउट करून परत आत आलो. पाण्याभोवती राखाडी चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडला होता. पाणी खरेच निम्म्याहून कमी होते. अहवाल अजून गेलेला नव्हता, हे नशीब. साहेबांकडे चूक कबूल केली आणि आठवडाभरात आखलेली सगळी तळी पुन्हा आखली. भरलेले तळे कागदावर गेले असते, तर त्या गावाची टंचाई कोणाच्या ध्यानात आली असती?

सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने घेतली. आता पडदे मुळातच चोवीस बिटांचे असतात, ती आज्ञा कोणाला द्यावी लागत नाही. मीही विसरलो असतो. पण स्मरणिकेसाठी लिहायला बसलो आणि ती वही आठवली.

सर, तळे कुठे सरते हे सांगायला मला सतरा वर्षे लागली. उशिराबद्दल क्षमा असावी.