रुळांवरील शेकोटी



स्टेशन जवळ आलें कीं डब्याखालीं खडखडाट होतो आणि गाडी एका मार्गावरून दुसऱ्या मार्गावर वळते. हें वळण ज्यामुळें साधतें त्याला आपण सांधा म्हणतों. निमुळतें पोलादी पातें स्थिर रुळाला बिलगतें व चाकांना वाट दाखवितें, एवढीच त्याची रचना. परंतु तें घट्ट बिलगलें पाहिजे. अमेरिकन नियमाप्रमाणें पाव इंच फट राहिली तरी सांध्याला कुलूप लागतां कामा नये, आणि कुलुपावांचून सिग्नल पडत नाहीं.

हिमवृष्टीच्या देशांत एवढी फट पाडावयास मूठभर बर्फ पुरतो. पातें मागेंपुढें सरकलें कीं मधला भुसभुशीत बर्फ चेपून दगडासारखा होतो. प्रारंभीं सांधेवाला सांध्यापाशींच उभा असे. झाडू व फावडें त्याच्या हातीं असे. १८५६ सालीं इंग्लंडांत जॉन सॅक्स्बी यानें सांधे व सिग्नल एकत्र चालविण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. पुढें साऱ्या दांड्या केबिनींत आल्या आणि दांडी ओढणाऱ्याला दूरच्या सांध्यांतला बर्फ दिसेनासा झाला. झाडणारा मात्र रुळांतच राहिला. ताज्या बर्फांत आवाज विरतो. वांकून काम करणाऱ्यास मागून येणारी गाडी ऐकूं येत नाहीं. त्याचा जीव कसा वांचवावा, हाच या इतिहासांतील खरा प्रश्न आहे.

मीठ टाकून पाहिलें. परंतु मिठानें लोखंड गंजतें, आणि खारें पाणी विजेला वाट देतें. विल्यम रॉबिन्सन यानें १८७२ सालीं पेटंट घेतलेल्या पद्धतींत रुळांतील विद्युत्प्रवाहावरूनच गाडीचा ठाव लागतो. तेथें अशी गळती परवडत नाहीं. मग उष्णतेचा आश्रय घेतला गेला: तेलाचे दिवे, वायूच्या ज्योती, विजेनें तापणाऱ्या कांबी, गरम हवेचे झोत. अनेक लोहमार्ग जेथें एकत्र येतात त्या शिकागो शहरांत आजहि कांहीं सांध्यांशेजारीं वायूच्या ज्योती पेटवितात. पाहणाऱ्यास रूळच पेटले असें वाटतें.

उष्णतेलाहि मर्यादा आहेच. वितळलेल्या पाण्याला वाट नसेल तर तें पुन्हां गोठतें. ३० जानेवारी २०१९ रोजीं शिकागोचें तपमान शून्याखालीं ३० अंश सेल्सिअसपर्यंत उतरलें, तेव्हां ॲमट्रॅकनें तेथून सुटणाऱ्या व तेथें येणाऱ्या आपल्या सर्व गाड्या त्या दिवसापुरत्या रद्द केल्या.

ज्योत हरली कीं माणूस पुन्हां झाडू घेऊन रुळांत उतरतो. अशा वेळीं गाडीचा इशारा देण्यास जो नेमलेला असेल, त्यानें दुसरें कांहींच काम करूं नये, असा नियम अमेरिकेंत १९९७ पासून अमलांत आहे. बर्फाशीं झुंजण्याच्या साऱ्या युक्त्यांत, मला वाटतें, हीच सर्वांत मोलाची.