सीमा एकच नसते तेव्हा : कोशी ते आदामार

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण क्रमिकेची सीमा पाहिली. पदं एका संख्येच्या हवी तितकी जवळ जातात आणि मग तिथेच राहतात. पण सगळ्याच क्रमिका अशा शहाण्या नसतात.

अलिबागचा कुलाबा किल्ला घ्या. पूर्ण ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला होडी लागते. समजा, आपण प्रत्येक भरतीची पातळी ओळीने लिहीत गेलो. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. आकडे एका ठिकाणी कधीच स्थिरावत नाहीत. मग खारेपाटातल्या शेतकऱ्याने बांध किती उंच घालायचा? सरासरीइतका घातला, तर दर उधाणाला खारं पाणी भातात शिरेल.

आता सुरुवातीचे दहा आकडे खोडा, मग शंभर, मग हजार. दर वेळी उरलेल्यांची वरची मर्यादा बघा. ती खाली सरकेल किंवा तशीच राहील, वर चढणार नाही. ती जिथे टेकते ती लिमिट सुपीरियर. खालच्या मर्यादेचं असंच केलं की लिमिट इन्फीरियर. एखाद्या वादळात एकदाच चढलेलं पाणी यात गळून जातं. पुन्हा पुन्हा परतणारं उरतं. बांधाला अर्थात वादळाचाही आकडा लागतो, पण तो वेगळा प्रश्न.

गणितात मात्र ही कल्पना समुद्रामुळे आली नाही, अनंत बेरजांमुळे आली. १८२१ साली पॅरिसमध्ये कोशींनी आपलं विश्लेषणाचं पाठ्यपुस्तक छापलं. अनंत पदांची बेरीज ठरावीक संख्येला पोचते का, हे पाहायला त्यांनी n व्या पदाचं n वं मूळ घेतलं. पण ही मुळं १/२, १/३, १/२, १/३ अशी आली तर? सीमाच नाही! कोशी म्हणाले, त्यांतल्या मोठ्या किमती कुठे जातात ते बघा. इथे १/२. ती १ पेक्षा कमी, म्हणून बेरीज पोचते. १ पेक्षा जास्त असती तर पोचली नसती. नेमकी १ आली, तर ही कसोटी गप्प बसते.

पुढे हे जवळजवळ विस्मरणात गेलं. १८८८ मध्ये तरुण आदामारांनी ते स्वतंत्रपणे पुन्हा शोधलं आणि १८९२ च्या प्रबंधात नीट मांडलं. घातश्रेणी किती अंतरापर्यंत चालते, ते याच वरच्या सीमेच्या व्यस्तावरून कळतं. आज आपण त्याला कोशी-आदामार सूत्र म्हणतो.

वरची आणि खालची सीमा एकच निघाली, की आपली जुनी ओळखीची सीमा मिळते. नाही निघाली, तरी हातात दोन नेमके आकडे असतात. पुढच्या वेळी संचांच्या क्रमिकांना हेच लावून पाहू.