भोसरीचे तीस जण आणि ‘नॅचरल आहे हो!’

परवा जुन्या सांगवीत चहा घेताना एका मित्राने मोबाइल पुढे केला. त्याच्या मेव्हण्याला कॅन्सर आहे. “बघ ना, कोळंबीच्या टरफलातून जीन थेरपी. नॅचरल आहे, साइड इफेक्टच नाही म्हणतात. पैसे भरू का?”

मला २००५ ची भोसरी आठवली.

तेव्हा माझा पत्रकारितेचा डिप्लोमा नुकताच झाला होता. ७ फेब्रुवारी २००५ ला भोसरी एमआयडीसीतल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेत, आपल्या ‘नारी’त, एचआयव्हीवरच्या लसीची देशातली पहिली मानवी चाचणी सुरू झाली. स्वयंसेवक ३०, सगळे निरोगी. एचआयव्हीची काही जनुकं एका निरुपद्रवी विषाणूच्या कवचात भरून टोचायची, अशी ती लस. तिच्यातून एचआयव्ही होणं शक्यच नव्हतं. तरी टपरीवर लोक म्हणायचेच, “तिथं गेलं की एड्स घेऊनच येणार.”

भीती अगदीच हवेतली नव्हती. जनुक एकटं पेशीत शिरत नाही, त्याला गाडी लागते. सप्टेंबर १९९९ मध्ये अमेरिकेत १८ वर्षांचा जेसी गेल्सिंगर जीन थेरपीच्या चाचणीत दगावला. त्याच्यासाठी वापरलेली विषाणूची गाडीच शरीराला सोसली नाही.

भोसरीत तसं काही झालं नाही. लस सुरक्षित ठरली. पण प्रतिकारशक्ती पुरेशी जागी झाली नाही आणि त्या लसीचा प्रवास थांबला. सुरक्षित, पण कामाची नाही!

आता टरफलाकडे येऊ. कोळंबी-खेकड्याच्या टरफलातल्या कायटिनपासून कायटोसान बनतं. त्याच्यावर धन भार, डीएनएवर ऋण, म्हणून दोघं चिकटतात आणि बारीक कण होतात. १९९९ मध्येच असे कण उंदरांना खाऊ घातले, तर त्यांची शेंगदाण्याची अॅलर्जी कमी झाली. शरीरातली एन्झाइम्स कायटोसान हळूहळू तोडतातही. म्हणजे गाडी बरी आहे. पण रक्त आम्लधर्मी नसतं, तिथे कायटोसानचा भार घटतो आणि पकड सैल होते. पेशीत शिरलं तरी बरंच जनुक आतल्या पिशव्यांत अडकून पडतं. शिवाय साखळी किती लांब, टरफलातली प्रथिनं किती साफ काढली, यावर सुरक्षितताही बदलते.

२०२२ च्या जूनमध्ये हिंजवडीच्या जिनोव्हाच्या एमआरएनए लसीला आपत्कालीन परवानगी मिळाली. तिची गाडी स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म कणांची. ती ‘नॅचरल’ आहे म्हणून नव्हे, हजारो माणसांवर तपासली म्हणून परवानगी मिळाली.

आपल्या पिंपरी-चाकणमध्ये नुसता रंग बघून कोणी गाडी पास करत नाही. ब्रेकही बघतात, इंजिनही. ‘नॅचरल’ हा नुसता रंग झाला.

मित्राला एवढंच सांगितलं : पैसे भरू नकोस. आधी विचार, चाचणी कुठल्या टप्प्यात आहे, किती माणसांवर झाली, परवानगी कोणाची? आणि खऱ्या चाचणीत रुग्णाकडून औषधाचे पैसे घेत नाहीत. हे सगळं तुमच्या ऑन्कॉलॉजिस्टसमोर ठेव.

ते तीस जण कोण होते, आपल्याला माहीत नाही. पण तपासल्याशिवाय विश्वास ठेवू नये, हे त्यांनी स्वतःचा दंड पुढे करून शिकवलंय. ते वाया घालवू नका.