सोल्फा आणि सरगम: व्हायोलिनच्या पहिल्या धड्याचा इतिहास

गोवा आणि महाराष्ट्र या शेजारच्या मुलखांत व्हायोलिनचा पहिला धडा दोन वेगळ्या पद्धतींनी दिला जात आला आहे. गोव्यातले मूल उभे राहून, हनुवटीखाली वाद्य धरून आणि समोर कागद ठेवून सुरुवात करी. महाराष्ट्रातले मूल मांडी घालून, वाद्याचे टोक पायाशी टेकवून आणि गुरूच्या तोंडाकडे पाहून. वाद्य तेच, गजही तोच. पण दोन्हीकडची वाटचाल इतकी निराळी की एका पद्धतीत तयार झालेला वादक दुसऱ्या पद्धतीत पुन्हा नवशिका ठरतो. या दोन वाटा कशा पडल्या आणि कुठे एकमेकींना भेटल्या, यात या प्रदेशाच्या संगीताचा बराच इतिहास सामावलेला आहे.

व्हायोलिनला आजचा आकार मिळाला तो सोळाव्या शतकात, उत्तर इटलीत. क्रेमोना गावच्या आंद्रेआ आमातीचे घराणे या कारागिरीत अग्रेसर होते, आणि पुढे त्याच गावात आंतोनियो स्त्रादिवारी (१६४४–१७३७) होऊन गेला. चार तारा, त्या एकमेकींपासून पंचमाच्या अंतरावर लावलेल्या, आणि पट्टीवर एकही पडदा नाही. नवशिक्याची सगळी परीक्षा या शेवटच्या गोष्टीत आहे. सतारीवर पडदा बोटाला जागा दाखवतो, हार्मोनियमवर पट्टी दाबली की स्वर हजर होतो. व्हायोलिनवर बोट कुठे पडावे हे फक्त कान सांगतो. बोट केसभर सरकले तरी स्वर बेसूर होतो. म्हणून हे वाद्य जिथे जिथे रुजले, तिथे हात तयार करण्याआधी कान तयार करण्याची काहीतरी व्यवस्था आधीपासून होती किंवा उभी करावी लागली.

गोव्यात ती व्यवस्था चर्चने उभी केली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतले आणि सोळाव्या शतकाच्या मध्यापासून चर्चला जोडून गावोगाव शाळा निघू लागल्या. त्यांत वाचन, लेखन आणि धर्मशिक्षण असे, आणि बरोबरीने संगीत. प्रार्थना गायल्याशिवाय उपासना पुरी होत नाही, आणि गायला गायक हवेत. युरोपातून गायक आणणे परवडणारे नव्हते, तेव्हा ते गावातच घडवणे भाग होते. धर्मांतराच्या त्या काळात माणसांवर जी सक्ती झाली ती विसरता येत नाही. पण त्याच शाळांतून गावच्या साध्या घरांतली मुले स्वरलिपी वाचायला शिकली, हेही तितकेच खरे आहे. सुरुवातीला भर गाण्यावर आणि ऑर्गनवर होता. व्हायोलिन युरोपातच रुळत गेले तसे ते इगर्जीत, म्हणजे चर्चमध्येही आले आणि मग गोव्याचेच होऊन बसले. त्याचे जुने पोर्तुगीज नाव रबेका. कोकणीत त्याचा रेबेक झाला, आणि आजही जुनी माणसे हाच शब्द वापरतात.

या शाळेचा कणा म्हणजे मेस्त. पोर्तुगीज 'मेस्त्र' या शब्दाचे हे कोकणी रूप. इगर्जीतल्या गायनवृंदाचा प्रमुख, मुलांचा शिक्षक, फेस्ताला आणि लग्ना-मर्तिकाला वाजवणारा वादक अशी सगळी कामे तो एकटा करी. मेस्ताकडे गेलेल्या मुलाच्या हातात पहिल्या दिवशी रेबेक पडत नसे. आधी सोल्फा. कागदावरच्या पाच रेघा, त्यांवरचे स्वर, आणि प्रत्येक स्वराचे नाव उच्चारत तो गायचा: दो, रे, मी, फा, सोल. एक हात तालाच्या मात्रा मोजत वरखाली होई. स्वर चुकला तर पुन्हा, मात्रा चुकली तरी पुन्हा. हे महिनोन्महिने चाले. मूल न अडखळता पाहून गाऊ लागले की मगच वाद्य. तोवर बोटाने कुठला स्वर शोधायचा आहे ते कानात पक्के बसलेले असे, आणि रेबेकच्या सोल, रे, ला, मी या चार मोकळ्या तारा ओळखीच्या वाटत.

या शिस्तीचे मोल किती होते ते इगर्जीबाहेर अधिक दिसते. गावात संध्याकाळी खुरसासमोर म्हणजे क्रुसासमोर किंवा कुणाच्या घरी लादाइन्य ही सामूहिक प्रार्थना होई, तेव्हा दोन-तीन रेबेक हमखास असत. मांडो हे गोव्याचे गीत गाताना घुमटाच्या जोडीला रेबेक असे. म्हणजे शाळेत शिकलेले मूल वर्षा-दोन वर्षांत लोकांसमोर वाजवू लागे, आणि तेही कुणीतरी कौतुकाने बोलावले म्हणून नाही, तर गावाला त्याची गरज होती म्हणून. नवशिक्याला टिकवून धरायला यापेक्षा बळकट कारण सापडणे कठीण. वाद्य सांभाळणे मात्र सोपे नव्हते. आतड्याच्या तारा पावसाळ्यातल्या दमट हवेत फुगत, सैल पडत, तुटत. लाकूड ज्या सरसाने जोडलेले असते तो मऊ होऊन सांधे उकलत. गजाच्या घोड्याच्या केसांना राळ लावायची, तर तीही चिकट होई. वाद्य कापडात गुंडाळून कोरडे ठेवणे हादेखील धड्याचाच भाग होता.

व्हायोलिनची दुसरी वाट दक्षिणेतून आली, आणि तिच्या आरंभाशी मराठी राज्यकर्त्यांचा संबंध आहे. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे भोसले (राज्यकाल १७९८–१८३२) यांना पाश्चात्त्य संगीताची मनापासून आवड होती आणि दरबारात युरोपीय वाद्यांचा मेळ होता. मद्रासकडे बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांनी युरोपीय व्हायोलिन शिकून ते कर्नाटक संगीतात आणले. सरफोजींच्या दरबाराशी जोडलेल्या चार भावांपैकी वडिवेलु यांनी ते आणखी पुढे नेले. त्रावणकोरच्या स्वाती तिरुनाळ महाराजांनी १८३४ मध्ये त्यांना हस्तिदंती व्हायोलिन भेट दिले.

दक्षिणेतल्या वादकांनी एक बदल केला आणि त्याने सारेच पालटले. ते व्हायोलिन घेऊन जमिनीवर बसले. वाद्याचा मागचा भाग छातीला आणि खांद्याला टेकलेला, आणि नक्षीदार टोक उजव्या पायाच्या घोट्यावर. उभ्याने वाजवताना वाद्याचा थोडाफार भार डाव्या हातावर येतोच. त्यासाठी युरोपात १८२० च्या सुमारास लुई श्पोरने हनुवटीची टेकणी काढली, तरी हात पुरता मोकळा झाला नाही. बसून धरलेले वाद्य मात्र दोन टोकांना अडकलेले असते, त्यामुळे डावा हात पट्टीवर वरपासून खालपर्यंत कुठेही घसरू शकतो. गमक आणि मींड यांना नेमके हेच हवे. तारांची लावणीही बदलली. एका सुराच्या षड्ज-पंचमांत चारही तारा लावल्या की गाणाऱ्याच्या पट्टीशी वाद्य जुळते. ही बैठक आणि ही लावणी पुढे उत्तरेतही आली.

महाराष्ट्रात हिंदुस्थानी संगीतासाठी व्हायोलिन शिकणे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजले. त्याला पोषक जमीन आधीच तयार होती. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केले आणि संगीत शिकणे ही मध्यमवर्गीय घरातल्या मुलाने उघडपणे करण्याची गोष्ट झाली. वर्ग, वेळापत्रक, क्रमिक पुस्तके, परीक्षा हे सारे गाण्यात आले. सारंगी गळ्याच्या सर्वांत जवळची, पण तिच्यामागे कोठीवरच्या मैफलींचा शिक्का होता. सारंगियांच्या पिढ्यांवर त्यामुळे मोठा अन्याय झाला. व्हायोलिनला असा भूतकाळ नव्हता, आणि गजाने स्वर लांबवणे, मींड घेणे हे सारंगीचे गुण त्याच्यात होते.

या काळातले मोठे नाव पं. गजाननबुवा जोशी (१९११–१९८७). औंध संस्थानचे गायक अंतुबुवा जोशी यांचे ते पुत्र. ते गाण्यातही आणि व्हायोलिनवादनातही सारख्याच अधिकाराने वावरले. अशा दुहेरी तालमीतून महाराष्ट्रातल्या पहिल्या धड्याचे रूप ठरले: वाजवायचे ते आधी गायचे. विद्यार्थी सा लावतो, गुरू अलंकार म्हणतो, विद्यार्थी तो म्हणतो आणि मगच गज तारेवर येतो. सुरुवातीला बोटे नाहीतच, नुसत्या मोकळ्या तारेवर गजाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखा आवाज काढायचा. गज थरथरला की स्वर थरथरतो, घोडीकडे सरकला की खरखरतो. तो सरळ चालू लागला की तर्जनीने रिषभ. पुढे बंदिशही तशीच, शब्दांसकट. शब्द ठाऊक असले की गज कुठे फिरवायचा आणि कुठे एका ओढीत घ्यायचे हे सांगावे लागत नाही.

हा गायकी धडा कुठवर जातो ते पं. दामोदर केशव दातार (१९३२–२०१८) यांच्या वादनात ऐकू येते. ते पं. द. वि. पलुसकरांचे भाचे आणि शिष्य. त्यांचे वडील विष्णु दिगंबरांकडे शिकलेले. दातारांच्या गजात ख्यालगायकाचा श्वास आहे. काशीला डॉ. एन. राजम यांनी पं. ओंकारनाथ ठाकुरांच्या गाण्यावरून हेच तत्त्व आपल्या वाद्यावर सिद्ध केले. गोव्यात जन्मलेले श्रीधर पार्सेकर (१९२०–१९६४) इगर्जीच्या नव्हे, तर याच हिंदुस्थानी परंपरेचे वादक होते.

दोन्ही वाटा एकमेकींना छेदून गेल्या त्या कोलकात्यात. उस्ताद अल्लाउद्दीन खाँ तरुणपणी तिथे हाती येईल ते वाद्य शिकत होते. युरोपीय पद्धतीचे व्हायोलिन ते शिकले लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे. पुढे वाईत जन्मलेले विष्णु गोविंद जोग (१९२२–२००४) डॉ. श्री. ना. रातंजनकर आणि इतरांकडे शिकून अल्लाउद्दीन खाँसाहेबांपर्यंत पोहोचले आणि हिंदुस्थानी व्हायोलिनचे एक प्रमुख वादक झाले. म्हणजे गोव्याच्या सोल्फाचा एक धागा बंगालमार्गे वाईच्या मुलापर्यंत आला. इतिहासात अशा गोष्टी ठरवून होत नाहीत, पण झाल्यावर त्या आनंद देऊन जातात.

मुंबईत मात्र दोन्ही परंपरा एकाच शहरात राहूनही बराच काळ वेगळ्या राहिल्या. गोव्यातून कामासाठी आलेला वादक धोबीतलावाच्या आसपासच्या कुडांत उतरे. कूड म्हणजे एकेका गावाने आपल्या माणसांसाठी चालवलेली बिऱ्हाडाची जागा. मूकपटांच्या काळात थिएटरांत वाद्यवृंद लागत, हॉटेलांत आणि क्लबांत नाचासाठी बँड लागत. १९३१ मध्ये बोलपट आला आणि थिएटरांतले काम गेले. पण थोड्याच वर्षांत चित्रपटांच्या गाण्यांमागे मोठे वाद्यवृंद उभे राहिले. संगीतकार चाल गाऊन दाखवी, संयोजक ती स्वरलिपीत मांडी, आणि वीस-तीस व्हायोलिनवादक कागद पाहून ती तिथल्या तिथे वाजवत. महिनोन्महिने घोटलेल्या सोल्फाची ही थेट कमाई होती. सेबास्तियन डिसोझांसारखे संयोजक याच मुशीतले.

मजोर्डा गावात १९२७ मध्ये जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे या पिढीचे खरे शिक्षक. त्यांचे वडील गावच्या इगर्जीत गायनवृंद सांभाळत. मुंबईत चित्रपटांत वाजवता वाजवता त्यांनी मुलांना शिकवले, आणि त्यांत प्यारेलाल शर्मा आणि राहुलदेव बर्मन होते. हिंदुस्थानी राग युरोपीय वाद्यवृंदाच्या रचनेत मांडण्याचा त्यांचा ध्यास होता, आणि १९५८ मध्ये त्यासाठी त्यांनी स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' मधल्या गाण्यात लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी प्यारेलाल यांच्या गुरूचे नाव घालून त्यांना मानवंदना दिली. शहरातल्या पारशी समाजानेही व्हायोलिनला मोठा हात दिला. मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापला, आणि त्यात गोमंतकीय वादक मोठ्या संख्येने होते.

गोव्यातल्या चर्चच्या शाळा विसाव्या शतकात ओसरत गेल्या. १९१० च्या पोर्तुगीज प्रजासत्ताकाने धर्मसंस्था आणि शासन वेगळे केले, गावातली माणसे मुंबई, आफ्रिका, आखाताकडे गेली, आणि मेस्ताची जागा अनेक गावांत रिकामीच राहिली. १९५२ मध्ये मायेस्त्रो आंतोनियो द फिगेरेदो यांनी पणजीत संगीत अकादमी सुरू केली, आणि पुढे तिचे काम कला अकादमीकडे गेले. मोफत आणि गावातल्या कुणालाही खुले असलेले शिक्षण मात्र तसे परत आले नाही. २००९ मध्ये गोव्यात सुरू झालेल्या 'चाइल्ड्स प्ले' सारख्या उपक्रमाने गरीब मुलांच्या हातात पुन्हा व्हायोलिन दिले.

मधल्या काळात जपानच्या शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांची पद्धतही भारतात आली. मूल जशी मातृभाषा ऐकून शिकते तसे संगीतही आधी ऐकून शिकावे, वाचन नंतर, आणि आईवडिलांनी वर्गात सोबत बसावे, अशी ती पद्धत. मुंबईत ती अनेक ठिकाणी शिकवली जाते. गुरूच्या तोंडून ऐकून शिकणाऱ्या परंपरेला यात परके काही वाटू नये. आज अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांत प्रारंभिक ते अलंकार या पायऱ्यांवर व्हायोलिनचे विद्यार्थी बसतात आणि लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांनाही बसतात. अनेक वर्गांत पहिल्याच दिवशी गज हातात दिला जातो. गळा आणि कान यांना वेळ न देण्याची ही घाई वाद्याच्या स्वभावाशी जुळत नाही, आणि पहिल्या वर्षातच शिकणे सोडून देणारी मुले बहुधा इथेच गळतात.

मुलाच्या उंचीप्रमाणे आता पाव, अर्धे, पाऊण अशा मापांची व्हायोलिने मिळतात. मूल डावा हात लांब करते, वाद्य खांद्याशी ठेवतात, आणि टोकाच्या वळणाभोवती बोटे सहज वळली तर ते माप बरोबर. धोबीतलावाच्या दुकानातून एकाच कारखान्यातली, एकाच मापाची दोन व्हायोलिने एकाच दिवशी बाहेर पडतात. एकाच्या तारा सोल, रे, ला, मी अशा ताणल्या जातात. दुसऱ्याच्या खुंट्या फिरवून त्याच तारा काळी दोनच्या षड्ज-पंचमाला आणल्या जातात.