सर्फ-ए-खास: राज्याचा महसूल, राजाची तिजोरी

कपिलधारेला मन्मथस्वामींच्या समाधीसमोर हात जोडणारा १९४७ चा बीडचा शेतकरी निजामाच्या एकतंत्री हैदराबाद संस्थानाची रयत होता, नागरिक नव्हे. संस्थानातील सुमारे दहा टक्के भूभाग ‘सर्फ-ए-खास’, म्हणजे निजामाची खासगी मालमत्ता. तिचा महसूल थेट त्याच्या तिजोरीत जाई. याखेरीज जहागिरी होत्याच. मोठ्या जहागिरीत पोलीसही जहागीरदाराचे आणि न्यायालयही त्याचेच. मग जाचक साऱ्याविरुद्ध दाद मागायची कोणाकडे? १९३७ मध्ये ‘टाइम’ने निजामाला जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर झळकवले. (आपण मात्र अजून जेकब हिऱ्याच्याच कथा चघळतो.) सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर, १९४९ मध्ये सर्फ-ए-खास सरकारजमा झाले. त्यापोटी निजामाला वार्षिक भरपाई मिळाली. सारा भरणाऱ्यांच्या भरपाईचा प्रश्न कोणी काढलाच नाही.